न थुंकणाऱ्या मामांस

प्रिय मामा,

सप्रेम जय भीम.

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. लिहायला बसायच्या आधी तुमचाच फोन यायचा. आज लिहितेय, कारण दुपारी आमच्या विभागातल्या कॉम्प्युटरवर तुमच्या क्रमांकासमोरचा एक रकाना लाल होऊन बसला. 'शेवटच्या तपासणीस अनुपस्थित. कारण निवडा.' खाली पर्याय तीन. गाव सोडलं, स्वेच्छेने माघार घेतली, वारंवार प्रयत्न करूनही संपर्क होऊ शकला नाही.

'वारले' हा पर्यायच नाही! हा तक्ता माझ्या एका सीनियरने बनवलाय. कवळीच्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेली माणसं घ्यायची आणि त्यातलं कुणी मरणार नाही असं धरून चालायचं! फारच आशावादी गृहस्थ असणार. मी त्या तिसऱ्या पर्यायाकडे बराच वेळ बघत बसले.

तुमच्याशी संपर्क होऊ शकला नाही? तुमच्याशी? रोज सकाळी "उठलीस का?" आणि रोज संध्याकाळी "किती जणांचे दात काढलेस?" असं विचारणाऱ्या माणसाशी? मी किती वेळा सांगितलं मामा, मी दात काढत नाही, मी दात बसवते. तुम्ही म्हणायचात, "हो, पण काढल्याशिवाय बसवणार कुठे?" आणि फोन ठेवून द्यायचात.

खरं तर तुम्ही माझ्या अभ्यासात आलात ते धायरीच्या त्या लग्नामुळे. आठवतंय ना? पंगतीत कुणीतरी विनोद केला, तुम्ही खदखदून हसलात आणि तुमची खालची जुनी कवळी उडून शेजारच्या पाहुण्यांच्या वाटीत पडली. ते बिचारे ती वाटी तुमच्याकडे सरकवून म्हणाले, "तुमचं आहे वाटतं." त्या दिवसापासून तुम्ही चारचौघांत जेवणं सोडलंत. लग्न असो, बारसं असो, विहारातलं भोजनदान असो, तुमचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडायचं. मामी घरी आल्यावर तुम्हाला वरण-भात कालवून द्यायची. आम्ही सगळे हसायचो मामा. तुम्हीही हसायचात, पण तोंडावर हात धरून.

मी सरकारी डेंटल कॉलेजात थिसिसचा विषय घेतला तेव्हा आईने तुम्हाला पकडलंच. विषय सोपा होता. एकाच माणसाला दोन कवळ्या करायच्या, एक नेहमीच्या पद्धतीची, एक कॉम्प्युटरवर आखून मशीनवर कोरलेली. आधी एक वापरायची, मग दुसरी, आणि कोणत्या कवळीने अन्न जास्त बारीक होतं ते मोजायचं. तुम्ही संमतीपत्र हातात घेतलंत, चष्मा पुसलात आणि आमच्या गाईड मॅडमना विचारलंत, "'मी कोणत्याही दबावाशिवाय सहभागी होत आहे' असं छापलंय. हिच्या आईने काल दिवसभर फोन केले, त्याला काय म्हणायचं?" मॅडम म्हणाल्या, "काका, नसेल मनात तर नका करू सही." त्यावर तुम्ही म्हणालात, "सही करतो. बहिणीच्या दबावाला कायद्यात तोड नाही." आणि सही केलीत.

मग कोणती कवळी कोणत्या पद्धतीची हे तुम्हालाही सांगायचं नाही आणि मलाही कळू द्यायचं नाही, हा नियम मॅडमनी समजावला. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "म्हणजे डॉक्टरला माहीत नाही आणि पेशंटलाही माहीत नाही. आमच्या कचेरीत सगळा कारभार असाच चालायचा. आम्ही त्याला संशोधन म्हणत नव्हतो, एवढंच." मॅडम त्यानंतर तुमच्या तारखेला मुद्दाम ओपीडीत चक्कर मारायच्या. एरवी त्या कधी एवढ्या मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही.

आणि मग ती शेंगदाण्यांची चाचणी! भाजलेले, सोललेले, मोजून घेतलेले शेंगदाणे. वीस वेळा चावायचं आणि सगळं या कपात थुंकायचं. मी ते धुऊन चाळणीतून गाळणार, वाळवणार आणि वजन करणार. काय अवघड होतं त्यात? तुम्ही वीस वेळा चावलंत. मी कप पुढे केला. तुम्ही गिळून टाकलंत.

"मामा, थुंकायचं होतं."

"अन्न?"

"हो, अन्नच."

"तोंडात घातलेलं अन्न बाहेर टाकायचं? लहानपणी हे केलं असतं तर आमच्या आईने पाठ सोलली असती."

दुसऱ्यांदा दिले, पुन्हा गिळलेत. तिसऱ्यांदा तुम्ही कप तोंडापर्यंत नेलात, डोळे मिटलेत, मी श्वास रोखला, आणि तुमच्या गळ्याची घाटी वर-खाली झालेली मला दिसली. वर "दाणे छान भाजलेत" हेही ऐकवलंत. चाळणीत शून्य, वजन शून्य. हिशेबाने एक तर तुम्ही जगातले सर्वांत उत्तम चावणारे होतात, नाही तर चाचणीला आलाच नव्हतात. अहो, ज्या शहरात भिंतीभिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहूनही लोक ऐकत नाहीत, तिथे मला हात जोडून 'इथे थुंका' म्हटलं तरी न थुंकणारा एकुलता एक माणूस मिळाला, आणि तो माझा सख्खा मामा निघाला! मी अक्षरशः रडकुंडीला आले होते.

तोडगा मामीने काढला. ती बाकावर बसून हे सगळं बघत होती. म्हणाली, "तू परत दे त्यांना दाणे. मी बघते." तुम्ही चावायला लागलात, मी मनात मोजत होते, वीस झाले तशी मी मामीकडे पाहिलं, आणि ती एकदम ओरडली, "अहो, खवट आहे!"

थू! सगळंच्या सगळं कपात! एक कण मागे राहिला नाही. संसाराची इतकी वर्षं कशी कामाला येतील, काही सांगता येत नाही. फक्त बाहेर रांगेत बसलेल्या एका आजींनी ते ऐकलं आणि 'सरकार खवट दाणे चारतंय' म्हणून तक्रार पेटी कुठेय ते विचारायला लागल्या. त्यांची समजूत घालता घालता माझी दुपार गेली. पण आकडा मिळाला, आणि त्यानंतर दर चाचणीला मामी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून तुमच्याबरोबर यायला लागली, फक्त तो एक शब्द म्हणायला. तुम्हाला तो खोटा आहे हे माहीत असायचं, तरीही दर वेळी तुम्ही थुंकायचात. बायकोच्या शब्दावर इतका विश्वास असावा माणसाचा.

एका गोष्टीचा मला त्या वेळी राग आला होता. पहिली कवळी कशी वाटली याची खूण एका रेषेवर करायची होती, डावीकडे 'अगदी वाईट', उजवीकडे 'उत्तम'. मी समोर उभी. तुमची सख्खी भाची, रात्रंदिवस राबलेली. तुम्ही पेन घेतलंत आणि पार डावीकडे खूण केलीत! मी म्हटलं, "मामा, जरा तरी?" तुम्ही म्हणालात, "खालची टोचते. नातं नात्याच्या जागी. आता मी तुला खोटे मार्क दिले, तर उद्या हेच दात तू दुसऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडात कोंबशील. त्याला बिचाऱ्याला भाचीही नसेल तक्रार करायला." मी तेव्हा घुश्शात गेले आणि चहासुद्धा विचारला नाही तुम्हाला.

दुसरी कवळी मात्र बसली. मला मोजायच्या आधीच कळलं होतं, कारण तुम्ही फोनवर 'स' नीट म्हणायला लागलात. आणि मग त्या रविवारी तुम्ही आपण होऊन येरवड्याला आमच्याकडे जेवायला आलात. आईने मटण केलं होतं. तुमच्यासाठी तिने सवयीने वेगळं वरण ठेवलं होतं, ते तुम्ही बाजूला सारलंत. सगळ्यांच्या मध्ये बसलात, भाकरी मोडलीत, नळी ओढलीत, आणि आईला म्हणालात, "मीठ कमी आहे गं." आईला इतका आनंद झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. तुम्ही पुन्हा वाढून घेतलंत, कुणीतरी काहीतरी बोललं आणि तुम्ही हसलात. हात तोंडावर न धरता. मी तुमच्या खालच्या कवळीकडे बघत होते, ती जागची हलली नाही.

शेवटची चाचणी त्याच आठवड्यात घेता आली असती, मामा. पण मामीच्या भाचीचा साखरपुडा होता, ती येऊ शकत नव्हती, आणि खवट म्हणायला मामी नसेल तर तुम्ही दाणे गिळणार हे ठरलेलं. म्हणून आपण तारीख पुढच्या मंगळवारची घेतली. तुम्ही त्याच्या आदल्या रविवारी दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. दोन दिवस थांबायला काय झालं होतं हो? कचेरीत कधी वेळेआधी निघाला नाहीत म्हणून सांगायचात ना?

आम्ही पोहोचलो तेव्हा मामी शांत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "प्रज्ञा, यांचे दात वाटीत आहेत. बसवून दे. दातांशिवाय यांनी कधी दूधवाल्यालासुद्धा दार उघडलं नाही." शेजारचे एक काका हळूच म्हणाले, "डॉक्टर, आता कशाला?" मी वाटी घेतली. आधी वरची बसवली, मग खालची. बसली मामा, छान बसली. गाल भरले आणि तुम्ही एकदम तुमच्यासारखे दिसायला लागलात. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. इतका वेळ मी डॉक्टर होते म्हणून तग धरून होते.

तुम्ही गेल्याचं मी मॅडमना आणि एथिक्स कमिटीला लगेच कळवलं. मृत्यूचा कवळीशी संबंध नाही, हेही लेखी द्यावं लागलं. मामीला सांगितलं तर म्हणाली, "नाहीच. दातांनी तर ते जरा जगायला लागले होते." अभ्यासाचं साहित्य परत जमा करायचा नियम आहे, म्हणून मॅडमनी अगदी हळू आवाजात विचारलं, "ती दुसरी कवळी?" मी म्हटलं, "मॅडम, पेशंट घेऊन गेले." त्यांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आता मूळ गोष्ट. निखिल नावाचा माझा एक बॅचमेट आहे, मनाने चांगला आहे. आज तो लाल रकाना बघून म्हणाला, "अगं, एकच रीडिंग राहिलंय. ते गेले तर कारण लागतं, कारण दिलं की सँपल कमी पडतं, मग नवीन पेशंट, म्हणजे तुझी टर्म गेलीच समज. त्यांची दुसरी कवळी बेस्ट होती हे तुलाही माहितीये. आधीच्यापेक्षा थोडा बरा आकडा टाक, तारीख मागची टाक आणि सुटून जा. खोटं थोडंच आहे ते?"

खरं सांगू? मी आकडा टाईप केला होता. अगदी शोभेल असा, फार चांगलाही नाही. मटणाची नळी ओढताना मी तुम्हाला पाहिलंय, त्यापेक्षा मोठी चाचणी कोणती? माझं बोट बटणावर होतं. आणि तेवढ्यात मला तो दुसरा म्हातारा आठवला, ज्याला तक्रार करायला भाची नाही. तुमच्या खालच्या हिरडीला जे टोचत होतं ते तुम्ही त्याच्यासाठी मला सांगितलं होतंत, आणि मी त्याच्याच तोंडात न मोजलेला आकडा घालणार होते. मी आकडा पुसला. निखिल म्हणाला, "वेडी आहेस." मी म्हटलं, "मामावर गेलेय."

मग त्या सीनियरच्या तक्त्यात मी चौथा पर्याय तयार केला आणि तुमच्या क्रमांकापुढे तो निवडला. 'वारले.' नवीन पेशंट शोधायला उद्यापासून लागतेय. टर्म लांबणार. आई ओरडेल, बाबा फीचं विचारतील, त्यांचं मी बघून घेईन.

तुम्हाला एक वचन देते, मामा. थिसिस छापला जाईल तेव्हा तुमच्या ओळीत शेवटचा रकाना कोराच असेल. तिथे मी सरासरी घालणार नाही, अंदाज घालणार नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं ते जेवणही घालणार नाही. बाहेरगावचे परीक्षक येतील, पानावर बोट ठेवून विचारतील, "डॉक्टर, इतका नेटका तक्ता, आणि ही एक जागा रिकामी का?" मी रडणार नाही. रडले तर कापू देत मार्क. पण खरं तेच सांगेन: "सर, इथे माझा मामा होता."

तुमची,
प्रज्ञा