पाच रविवार, दोन बोटं

रवि. ८ जून

बेसबॉलची मॅच ब्रिस्टलला हरलो. ११–३.
पाच रविवारांतला हा पहिला. डिव्हिजनमध्ये आपल्या वर दोनच टीम, ब्रिस्टलचे लँटर्न्स आणि बेसिंगस्टोकचे मिलर्स, आणि पाचही मॅच त्यांच्याशीच. पहिल्या दोन टीम पुढे जाणार. आम्ही, साउदॅम्प्टनचे हेरन्स, तिसरे.

हरण्याचं काही नाही. चार वर्षांत सवय झाली. पण आज स्कोअरबुक लिहिताना काहीतरी खटकलं. आपला पिचर कॅलम याने कर्व्ह टाकला की मी चौकोनात बारीक ठिपका देते, माझ्यापुरता. आज चौदा ठिपके. त्यातले दहा मारले त्यांनी! कॅलमचा कर्व्ह कोणी मारत नाही. बॉल शेवटच्या क्षणी खाली पडतो, लोक हवेत बॅट फिरवून परत जातात. आज प्रत्येक जण थांबून, बघून, निवांत मारत होता. जणू आधीच माहीत.

बॅटरच्या मागे बसलेला कॅचर बोटांनी बॉल टाकणाऱ्या पिचरला सांगतो, एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह. मधे चार खोटे इशारे. खरा कुठला, ते फक्त आपल्या लोकांना माहीत.
आपला कॅचर म्हणजे माझा नवरा.

परतताना A36 रस्त्यावर, सॅलिसबरीपर्यंत निखिलने नुसती गाडी चालवली. लेक ओवी मागे झोपलेली. मी म्हटलं, “त्यांना कळत होतं रे.” तर म्हणे, “कॅलम थकला होता.”
तिसऱ्या इनिंगला?

मंगळ. १० जून

संध्याकाळी डायनिंग टेबलावर स्कोअरबुक उघडून बसले. नि. ने मागून पाहिलं. “अगं, किती उकरशील? हरलो, संपलं.”
उकरत नाहीये. आठवतेय. लँटर्न्सचा कोच डंकन, उंच, टक्कल, थर्ड बेसजवळ, रनरच्या तिसऱ्या थांब्यापाशी, उभा राहून सारखा ओरडत होता. कधी “लेट्स गो, लेट्स गो”, कधी बॅटरचं नाव घेऊन, “कम ऑन, बेन”. मला वाटतं, नाव घेतलं की कर्व्ह. खात्री नाही. ओरडणं मी लिहून ठेवत नाही.
पुढच्या वेळी ठेवीन.

शनि. १४ जून

प्रॅक्टिस. ग्लेन, आपला मॅनेजर, चहाचा मग घेऊन माझ्या खुर्चीजवळ आला. हळूच म्हणाला, “मग्धा, समवन्स टिपिंग देम.” म्हणजे कोणाकडून तरी त्यांना आधीच कळतंय. (मुग्धा नाही, चार वर्षं मग्धाच म्हणतो.) त्याचा संशय कॅलमच्या ग्लोव्हवर. कर्व्हसाठी बॉलवर पकड घेताना पोरगा मनगट किंचित उघडतो, ते थर्ड बेसवरून दिसत असेल.
असेलही. किंवा नि. चा गुडघा. हल्ली दुखतो म्हणून तो नीट मिटून बसत नाही, बोटं बाजूने दिसू शकतात.
ग्लेन म्हणाला इशारे बदलू. नि. म्हणाला, “नो नीड, मेट.”
का नको?

रवि. १५ जून

मिलर्सला हरवलं! ६–५. घरच्या मैदानावर, भर वाऱ्यात. ओवी नाचत होती, “आई, बाबानी कसला मस्त पकडली बॉल!” पकडला गं, पकडला.

अकरा ठिपके, मारलेला एक.
म्हणजे कॅलमचा कर्व्ह ठीक आहे. ग्लोव्ह तोच, गुडघा तोच. मग फक्त ब्रिस्टललाच कसं कळतं?
सगळे खुश आणि मी ठिपके मोजत बसलेली.

बुध. १८ जून

सकाळी हॉस्पिटलच्या लॅबला निघताना पोस्ट आली. पार्किंगची नोटीस, सोबत आपल्या गाडीचा फोटो. ब्रिस्टल, एका बिझनेस पार्कचा कार पार्क. गुरुवार, ५ जून, ११.४०.
५ जूनला नि. बेसिंगस्टोकला ऑफिसात होता. असं म्हणाला होता. संध्याकाळी येऊन ऑफिसच्या कॅन्टीनला नावंसुद्धा ठेवली होती, सूप गार होतं म्हणून.

मॅचच्या तीन दिवस आधी.

नोटीस टी टॉवेलच्या ड्रॉवरमध्ये, खाली ठेवली. तो त्या ड्रॉवरला हात लावत नाही.

गुरु. १९ जून

विचारायचं ठरवलं आणि भलतंच विचारलं.
“आज ऑफिसला गर्दी होती?”
“होती ना. डेस्क मिळेना.”
बुटांना लाल माती. त्याच्या ऑफिसभोवती सगळं काँक्रीट आहे, मी पाहिलंय.
मी अशी नव्हते. नागपूरला बाबा म्हणायचे, मुग्धाला कोणीही गंडवावं. आता नवऱ्याचे बूट बघते.

रवि. २२ जून

लँटर्न्स आपल्याकडे आले. हरलो ९–२.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.
१) साडेदहाला मी टेबल लावत होते. सरावाच्या जाळीमागे, बॅटिंग केजपाशी, डंकन आणि नि. डंकनचा हात नि. च्या खांद्यावर. मी जवळ गेले तसा डंकनने हात काढला. जाता जाता डंकन म्हणाला, “थर्सडे, देन.”
२) मी विचारलं, थर्सडे काय? नि. म्हणाला, “पाऊस. थर्सडेला पाऊस आहे म्हणत होता.”
३) ग्लेनने अकरा वाजता, अगदी शेवटच्या क्षणी, इशारे बदलले. नि. ला, कॅलमला आणि मला सांगितले. आम्हा तिघांनाच.
४) पहिल्या दोन इनिंग त्यांना एकही कर्व्ह लागला नाही.
५) दुसऱ्या इनिंगनंतर नि. पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला. गाडी त्यांच्या डगआउटच्या मागे. परत यायला चार मिनिटं.
६) तिसऱ्यापासून मार मार मारलं. या वेळी डंकनचं ओरडणंही लिहिलं. नऊ कर्व्ह, सात वेळा नाव घेतलं.

दोनदा नाही घेतलं. आणि चार फास्टबॉलनाही घेतलं. म्हणजे हा काही पुरावा नाही. दोन इनिंग बघून कोणी हुशार माणूस इशारे ओळखू शकतो, हेही खरं.
पण चार मिनिटं?

सोम. २३ जून

ग्लेनचा फोन, लॅबमध्ये, लंच ब्रेकला. “एनिथिंग इन युअर बुक?”
मी म्हटलं, “नथिंग, ग्लेन.”
पहिल्यांदा बुकाबद्दल खोटं बोलले. नंतर सँडविच खाववेना.

गुरु. २६ जून

आज गुरुवार. पाऊस नाही. लख्ख ऊन.

दुपारी नि. च्या ऑफिसला फोन केला. त्याचा मोबाईल लागत नाही असं सांगितलं. तिथली बाई म्हणाली, “ही'ज ऑन लीव्ह टुडे, लव्ह.”
तो सहाला आला. ओवी खाली मैत्रिणीकडे होती. मी नोटीस टेबलावर ठेवली. त्याने वाचली, खुर्ची ओढली, बसला.
“कधी आली?”
“आठ दिवस झाले.”
“आठ दिवस बोलली नाहीस?”
“तू किती दिवस बोलला नाहीस?”

मग सगळं बाहेर आलं. त्याच्या ऑफिसातली पूर्ण टीम बंद होतेय, सप्टेंबरअखेर. एप्रिलमध्येच कळलं. व्हिसा त्याच्या नोकरीवर, माझा आणि ओवीचा त्याच्यावर. आयएलआरला, कायम राहण्याच्या परवान्याला, आठ महिने बाकी, त्याआधी व्हिसासाठी नवा स्पॉन्सर मिळाला नाही तर चार वर्षं पाण्यात. डंकन ब्रिस्टलला विमानाचे पार्ट तपासणाऱ्या कंपनीत मॅनेजर आहे. त्याच्याकडे जागा होती. दोन इंटरव्ह्यू झाले. आज तिसरा.
“मला का नाही सांगितलंस?”
“तू झोपली नसतीस, मुग्धा. मीच झोपत नाहीये. दोघांनी जागून काय?”
मला रडू आलं. त्याचा हात धरला. खरंच वाटलं की हे एवढंच होतं, सुटलो.

आणि मग मी विचारलं.
“आणि बोटांचं काय?”
“कसली बोटं?”
“डंकनला इशारे कसे कळतात, निखिल?”
त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. हात सोडवून घेतला, टेबलावरच्या प्लेटी उचलल्या आणि धुवायला लागला. स्वच्छ होत्या त्या. जेवणच झालं नव्हतं.
“तू हे विचारलंस,” पाठमोराच म्हणाला. दोनदा म्हणाला.
हो किंवा नाही म्हणाला नाही.

शुक्र. २७ जून

माझ्याशी बोलतो. दूध संपलंय, ओवीची स्विमिंगची बॅग, असं.
निर्दोष माणूस “मी नाही” असं म्हणतो ना? की निर्दोष माणूसच तसं म्हणत नाही?

रवि. २९ जून

बेसिंगस्टोक. ४–३ ने हरलो, शेवटच्या बॉलवर.
३–३, त्यांचा माणूस थर्ड बेसवर. कॅलमचा बॉल खाली, किंचित बाहेर. नि. च्या ग्लोव्हला लागून मागे गेला. माणूस धावत होम प्लेटवर आला, रन झाला, मॅच संपली.
आता स्कोअररने ठरवायचं. पिचरची चूक असेल तर वाइल्ड पिच, डब्ल्यूपी. कॅचरची असेल तर पास्ड बॉल, पीबी. बॉल खरंच दोन्हींच्या मधला होता. दहातल्या पाच स्कोअररनी डब्ल्यूपी दिलं असतं.
मी पीबी लिहिलं.

सामान आवरताना नि. ने बुक हातात घेतलं. तो कधी घेत नाही. शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, बुक मिटून गाडीच्या डिकीत ठेवलं.
गाडीत ओवी म्हणाली, “बाबा, तुझी चूक नव्हता.”
“होती गं,” तो म्हणाला. “आईने लिहिलंय ना.”

बुध. २ जुलै

ब्रिस्टलची ऑफर आली. स्पॉन्सरशिपसकट. मी उपमा करत होते, त्याने फोन समोर धरला. मिठी मारायला हवी होती. “छान,” म्हटलं. उपमा खाली लागला.
संध्याकाळी त्याने स्वतः ग्लेनला फोन करून सांगितलं, डंकनच्या हाताखाली नोकरी घेतोय म्हणून. माझ्यासमोर, स्पीकरवर. लपवायचं काही नाही हे दाखवायला? पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज. मग “कंग्रॅट्स, मेट.”

गुरु. ३ जुलै

ग्लेन हॉस्पिटलच्या गेटपाशी येऊन थांबला होता. “आय हॅव टु आस्क यू अगेन.”
मी म्हटलं, रविवारी बाकावरच्या पीटला कॅचर कर. निखिलला बाहेर बसव. इशारे मात्र बदल, आणि त्याला सांगू नको.
ग्लेनला लगेच समजलं. मान हलवली. “यू शुअर?”
नाही. पण दुसरं काही सुचत नाही. त्याच्याशिवायही त्यांनी कर्व्ह मारले, तर तो सुटला. आणि नाही मारले...
नवऱ्याची परीक्षा लावली मी. त्याला न सांगता.

रवि. ६ जुलै

शेवटची. लँटर्न्स, आपल्याकडे. जिंकलो ५–४. तरी तिसरेच, मिलर्सही जिंकले.

ग्लेनने दिलेलं गुडघ्याचं निमित्त नि. ने ऐकून घेतलं. खुर्ची आणून माझ्या टेबलाशेजारी बसला. पूर्ण मॅच. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही शेजारी बसून मॅच पाहिली.

पीटला कर्व्ह पकडता येत नाही. म्हणून कॅलमने टाकलेच पाच. दोन मारले. पाचात दोन! याचं मी काय करू?
आणि डंकन थर्ड बेसवर उभा, पण गप्प. टाळ्या फक्त. घसा बसलाय म्हणे. नंतर हात मिळवायला आला तेव्हा खरंच घोगरा वाटला. आज कोणी सांगणारं नव्हतं म्हणून गप्प, की घसा बसला म्हणून गप्प?

चौथ्या इनिंगला नि. ने विचारलं, “हा ठिपका कशाचा?”
“कर्व्हचा.”
त्याने आधीची पानं उलटली. सावकाश. ८ जून, २२ जून. समासात लिहिलेली डंकनची ओरड. “पाणी, ४ मि.” हेही वाचलं.
“आज मला म्हणून बसवलं?”
“हो.”
“ग्लेनने?”
“मी.”
मैदानावर सगळे ओरडत होते, कॅलमने कोणालातरी आउट केलं होतं. मला ते लिहायचं होतं आणि पेन्सिल चालेना. नि. ने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, चौकोनात आउटचा ‘के’ लिहिला, बरोबर लिहिला, पेन्सिल परत दिली.
“त्या चार मिनिटांत मी गाडीत बसलो होतो,” तो म्हणाला. “नुसता बसलो होतो. कोणी बघत नव्हतं म्हणून.”

माझा विश्वास बसला. रात्रीच्या जेवणापर्यंत पूर्ण टिकला.

मंगळ. ८ जुलै

डंकनने नि. ला विचारलंय, पुढच्या सीझनला लँटर्न्सकडून कॅचर म्हणून येशील का. नि. ने लगेच मला सांगितलं. आता सगळं लगेच सांगतो, न विचारता. पेट्रोल कुठे भरलं तेसुद्धा. ऐकायला नको वाटतं.
“मग काय म्हणालास?”
“घरी विचारतो म्हणालो.”
ओवीने ऐकलं. “म्हणजे हेरन्स सोडायची? मग ग्लेन रडेल.”
ग्लेन काही रडणार नाही. ग्लेनने मला काल मेसेज केला होता, “सो?” एवढाच. उत्तर दिलेलं नाही.

शनि. १२ जुलै

कॉन्ट्रॅक्ट पोस्टाने आलं, अकरा पानी. नि. ने पाकीट न फोडता माझ्यापुढे ठेवलं.
“तू वाच. सगळी पानं वाच. तू म्हणालीस तर सही करतो.”
आणि ओवीला घेऊन पार्कमध्ये गेला. जाताना दार हळूच ओढलं.

पगार, रजा, नोटीस पीरियड, व्हिसाची कलमं. डंकनचं नाव एकदाच, लाइन मॅनेजर म्हणून. अकरा पानं वाचली. काहीही सापडलं नाही.
ते यायला अजून अर्धा तास आहे. पहिल्या पानापासून परत वाचतेय.