नऊ नंबर शांत आहे

सोमवार
लागली बुवा एकदाची नोकरी! फळांचं शीतगृह, दहा खोल्या. प्रत्येकीत तापमानाचा एक सेन्सर आणि सगळ्यांच्या वायरी एकाच मल्टिप्लेक्सरवर. ही चिप आळीपाळीने एकेका खोलीचा आकडा कंट्रोलरला देते. आकडे मात्र प्यायल्यासारखे झिंगतायत. मेव्हण्याने शब्द टाकला म्हणून मला घेतलं. तो इथेच स्क्रीनसमोर आळस देण्याचा पगार खातो. आधीचा टेक्निशियन काल न सांगता पळाला, असं मालक म्हणाले. आकडे स्थिर केलेस तर कायम करतो, असंही म्हणाले. बायकोला सातवा लागलाय, कायम व्हायलाच हवं.

मंगळवार
रोग सापडला. चिप एका खोलीवरून दुसरीवर गेली तरी आधीच्या खोलीचा व्होल्टेज क्षणभर रेंगाळतो आणि कंट्रोलर घाईघाईत तोच वाचतो. म्हणून जरा थांबायचं, पहिलं रीडिंग फेकायचं, दुसरं घ्यायचं. ग्राउंडची सैल वायरही घट्ट केली. बाकी सगळ्या खोल्या गुणी पोरांसारख्या चार अंशांवर बसल्या. नऊ नंबर मात्र ऐकेना. चारवरून एकदम वीस, परत चार, थोडं थांबून पुन्हा तेच. वायर चिपच्या दुसऱ्या पायावर लावली, तरी उड्या तिथेही. खोली तर रिकामी आणि बंद आहे. सेन्सरच बिघडलाय म्हणायचा.

बुधवार
मालकांनी सकाळीच माझी बिनपाण्याने केली. मग मीही प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: आकडा एकदम उडाला तर खोटा धरायचा, स्क्रीनवर जुनाच ठेवायचा. झालं की! नऊ नंबर शांत. मालकांनी पाठ थोपटली, मेव्हण्याने चहा पाजला. खऱ्या उड्या आता फक्त माझ्या लॅपटॉपवर दिसतात. संध्याकाळी त्याही मंदावल्या. सोळा, बारा, नऊ, मग नुसतं चार. म्हटलं, बरं झालं, आपोआप सुधारला.

गुरुवार
माल ठेवायला नऊ नंबर उघडली. आधीचा टेक्निशियन दाराशी बसलेला. अंगावर रिकामी पोती ओढलेली, आतून दार उघडायची कडी तुटलेली. सेन्सर मुठीत. मूठ उघडायला दोघं लागले.
काल संध्याकाळपर्यंत तो जिवंत होता. हे मला एकट्याला कळतं. पोलिसांपुढे गप्प बसलो, बायकोलाही सांगितलं नाही. मालकांनी मला कायम केलं.

शनिवार
खोलीत कोणी नाही. तरी लॅपटॉपवर चार — वीस — चार — वीस. कडी दुरुस्त करणारा सोमवारी येणार म्हणे. माझ्याच्याने तोवर हे बघवत नाही. जातो, सेन्सर बदलतो, कटकट मिटवतो.

शनिवार, नऊ नंबरमध्ये
दाराला खोका लावला होता. सरकला कसा, देव जाणे. दाराच्या काचेतून मेव्हण्याची पाठ दिसते, पलीकडे स्क्रीन. लाथा घातल्या, बोंबललो — कॉम्प्रेसरच्या आवाजात कोण ऐकतंय. मोबाइल त्याच्याच टेबलावर, चार्जिंगला.

सेन्सर डाव्या मुठीत आवळला. स्क्रीनवर चार. मेव्हण्याने आळस दिला.
माझी ओळ. त्याला सांगितलंच नव्हतं — अरे गाढवा —

एक वाट आहे. एकदम नाही, हळूहळू तापवायचा. अंशाअंशाने चढला तर ओळ अडवणार नाही. तळहात लांबून — जवळ — अजून जवळ —

पाच. सहा. सात! मेव्हणा पुढे वाकला. ऊठ रे, बाबा, ऊठ, मागे बघ —

माझ्या हातावर दुसराच हात. गार. त्याची बोटं सेन्सरभोवती एकेक करून मिटतायत — ओढून —

सहा. पाच.

चार. मेव्हणा मागे टेकला. आता तो चहाचा कप