मोडलेल्या स्क्रूचं पान

सातारा, ता. ९ जानेवारी १९४६

॥ श्री ॥

चि. राहीस नाथाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हितं समदं ठीक हाय. तुजी, तुज्या भावाची म्हंजी हंबीररावांची आन् त्यांच्या घरच्यांची खुशाली कळवावी.

तू माहेरी गेल्याला दीड वरीस हून गेलं. मदी पत्र न्हाई धाडलं, राग धरू नगं. आज काम पडलं म्हणून लिवतोय. गेल्या सोमवारी चार उतारू घेऊन खंबाटकी उतरत हुतो. मधल्या वळणाव ब्रेकवर पाय दिला तर पेडल मऊ लागलं आन् सरळ खाली गेलं. हातब्रेक वढून गाडी डोंगराच्या अंगाला घासली, तवा थांबली. कुणाला खरचटलं न्हाई. उतारूंत एक बाळंतीण हुती. तिनं मला बोल लावला न्हाई, नुसतं तान्ह्याला पदराखाली घेतलं. त्या दिसापासनं गाडी दारात उभी हाय.

ब्रेकच्या नळीतल्या तेलात हवा शिरलीया. ती काढायला चाकामागं एक बारका पोकळ स्क्रू असतो. तो सैल केला की हवा भाईर पडती. पण माजी गाडी चौतीस सालची. डाव्या मागल्या चाकाचा स्क्रू गंजून बसलाय, हलता हलंना. लढाईपासनं सुटं सामान कुठं मिळत न्हाई.

बाळासो पलटणीत मोटारीचं काम शिकला, ते समदं वहीत उतरून ठेवायचा. रजेवर आला तवा असल्याच अडकल्या स्क्रूचं कायतरी सांगत हुता. मी आईकलं न्हाई. लेकाकडनं काय शिकायचं, आसं वाटलं. ब्रह्मदेशातनं त्याची पेटी आली, त्यातली वही तुज्याकडं गेली. तेवढी रजिस्टरनं धाडावी.

कळावे. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
नाथाजी


सांगली, ता. १४ जानेवारी १९४६

॥ श्री ॥

ती. मामंजींच्या चरणी राहीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आपले पत्र पोचले. घाटात आपण वाचलात, देवाची कृपा.

मामंजी, वही मी पाठवणार नाही. टपालात हरवली तर मी कुठे शोधू? पण आपल्याला हवी ती पाने उतरवून देईन. खरे सांगायचे तर पेटी आली तेव्हापासून मी वही उघडलीच नव्हती. आज संक्रांत. वहिनी मुलींना घेऊन वाणाला गेल्या, घरात मी एकटी, म्हणून उघडली. अक्षर तसेच, उजवीकडे कललेले.

लिहिले आहे ते असे: "गंजलेल्या स्क्रूला जोर लावू नये. आधी तारेच्या ब्रशाने घासावा. बुडाशी रॉकेल आणि पातळ तेल थेंबथेंब सोडावे. दोन दिवस ठेवावे, रोज तेल द्यावे. लहान हातोडीने डोक्यावर हलके ठोकावे, म्हणजे गंज सुटतो. पाना सहाही बाजू धरणारा घ्यावा, उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे झिजतात. आधी केसभर आवळून पाहावा, मग सोडावा. स्क्रू आतून पोकळ असतो, सहज मोडतो."

बाजूला समासात एक ओळ आहे. उतरवू की नको असे झाले, पण उतरवते: "आबा असते तर एव्हाना मोडला असता."

येथे मी मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवते. दिवस बरा जातो. आपण जेवता ना वेळेवर?

एक विचारते. पाकिटावर आणि पत्रात माझ्या नावामागे आपण चि. सोडून काहीच लिहिले नाही. सौ. नाही, गं. भा. पण नाही. विसरलात का?

लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
राही


सातारा, ता. २८ जानेवारी १९४६

॥ श्री ॥

चि. राहीस अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पावलं. समासातली वळ वाचली. लेकानं बापाला बराबर वळखलं हुतं. स्क्रू मोडला.

दोन दिस तेल घातलं, ठोकलं, समदं वहीपरमान केलं. तिसऱ्या दिशी स्टँडावरचा लालासाहेब आला. म्हणला, गड्या, तेल कसलं पाजतोस, पान्याला पाईप जोड आन् दे हिसका. मी पाईप जोडला. कट्ट करून आवाज आला आन् डोकं हातात. बुडखा आतच. लालासाहेब तंबाखू मळत निघून गेला. मी तितंच बसून ऱ्हायलो.

जेवणाचं इचारलंस. सकाळीच चार भाकरी थापतो, त्याच रातीला. गाडी चालू हुती तवा उतारूंसंगं दोन शबूद बोलणं हुयाचं. आता कवा कवा दिसभर तोंड उघडत न्हाई. परवा रंगूबाई भाजीवाली दारात आली आन् मला बोलताना खोकलाच आला, आवाज निघंना.

नावामागचं इसरलो न्हाई. सौ. लिवायला गेलो, हात थांबला. दुसरं लिवायला हात तयार हुईना. म्हणून जागा मोकळी सोडली.

मोडल्यावर काय करायचं ते वहीत हाय का बघ.

आशीर्वाद मागं हायतच.
नाथाजी


सांगली, ता. ४ फेब्रुवारी १९४६

॥ श्री ॥

ती. मामंजींच्या चरणी राहीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. स्क्रू मोडल्याचे वाचून आधी मोठ्याने हसले. वहिनी पाहायला आल्या, तोवर रडत होते.

मोडलेल्या स्क्रूचे एक अख्खे पान आहे: "स्क्रू मुळात पोकळ असल्याने मधले भोक आयतेच मिळते. त्याच भोकातून हातड्रिलने सरळ, थोडे मोठे भोक पाडावे. आट्यांना लागू देऊ नये. मग निमुळता चौकोनी पोलादी खिळा ठोकून बसवावा आणि पान्याने हळूहळू उलटा फिरवावा. घाई केली आणि खिळाही आत मोडला, तर स्क्रू ज्यात बसतो तो चाकाचा सगळा सिलिंडर गेला. बुडखा निघाल्यावर चाकाचा सिलिंडर उघडून कीस झाडून काढावा. आतून धुवायचा तो स्पिरिटने. रॉकेल आत जाऊ देऊ नये, आतले रबर फुगते."

त्याखाली हवा काढण्याचे आहे. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू सोडायचा आणि आवळायचा. मग लिहिले आहे, "एकटा असल्यास: स्क्रूवर रबरी नळी बसवावी, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ब्रेकच्या तेलात बुडवून ठेवावे. स्क्रू अर्धा फेरा सोडून पेडल सावकाश दाबावे. हवा बुडबुड्यांनी बाहेर जाते, परत आत येत नाही. ब्रेकच्या टाकीतले तेल संपू देऊ नये."

आपण एकटे आहात, म्हणून हे मुद्दाम उतरवले.

आता मनातले लिहिते. दादा मला न्यायला आले त्या दिवशी आपण गाडीखाली निजून काही करत होतात. मी निघते म्हणाले. आपले नुसते पाय दिसत होते. आपण बाहेर आला नाहीत. सांगलीपर्यंत मला वाटत राहिले, मुलगा गेल्यावर सून यांना नकोशी झाली. दीड वर्षाने पत्र आले तेही वहीसाठी. आता वहीत आपल्या कामाचे काही उरलेले नाही.

चुकले असेल तर पदरात घ्यावे.
राही


सातारा, ता. १० मार्च १९४६

॥ श्री ॥

चि. राहीस अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तराला महिना लागला.

बुडखा निघाला. भोक पाडायला एक दिस घातला, खिळा फिरवायला दुसरा. घाई हुयाला लागली की थांबायचो, भाईर जाऊन पाणी प्यायचो. पुण्याला पलटणीच्या मोडीत नवा स्क्रू गावला. मग बाटली लावली. पेडल दाबायचं, उतरायचं, चाकापाशी जाऊन बाटलीत बघायचं, पुन्यांदा येऊन दाबायचं. लय बुडबुडं आलं. मग थांबलं. पेडल दगडावानी घट्ट लागलं. मोकळी गाडी खंबाटकीत दोनदा उतरवली, मगच उतारू घेतलं.

ब्रेक झाला तवाच पत्र लिवायचं हुतं. पर लिवायला काम न्हवतं. दुसरं कायतरी बिघडंल म्हणून वाट बघितली. समदी गाडी तपासली. कायबी बिघडंना.

त्या दिवशी गाडीला काय झालं न्हवतं. गाडीखालच्या मानसाचं तोंड कुणी बघत न्हाई, म्हणून आत शिरलो. तू निघते म्हणलीस ते आईकलं. ऱ्हा म्हणायचं तोंडात आलं. पर तुज्यापुढं समदं आविष्य पडलं हुतं, म्हाताऱ्याच्या भाकरी थापायला तुला कुठल्या तोंडानं ठेवू? आन् आवाज फुटला असता तर तू गेली नसतीस, येवढं कळत हुतं. म्हणून गप पडलो. तुज्या चपलांचा आवाज वळणापस्तोर आईकला.

आता काम कायबी न्हाई. शाळा सोड म्हणत न्हाई. भाकरी मी थापतो. शनवारी सांगलीला येतो. तुला यायचं आसंल तर ये, न्हाईतर नुसती भेट. बिनकामाची.

नाथाजी


सांगली, ता. १३ मार्च १९४६

॥ श्री ॥

ती. मामंजींच्या चरणी राहीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. शनिवारी शाळा सकाळची, बाराला सुटते. दादांना सांगितले आहे. ते म्हणाले, पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडायचे नाही, तेव्हा जेवूनच निघू. सोमवारी मला शाळेला परत सोडावे लागेल. पुढे मे महिन्याची सुट्टी आहे.

नावामागची जागा मोकळीच असू द्यावी.

वही बरोबर आणते आहे. त्यात गाडीचे सोडून बरेच आहे. तिकडचा पाऊस, जेवण, एक मेलेले खेचर, आणि आपल्याबद्दल चार पाने. ती उतरवून देण्यासारखी नाहीत. शेजारी बसून वाचू.

राही