महेरुन्निसाभाभींचा डबा

चि. करुणास,

नाशिकची थंडी छातीला सोसत नाही, म्हणून यंदा आपली घरगाडी, आत झोपायची-राहायची सोय असलेली, घेऊन एकटाच मुरुडला आलो. नारळीच्या वाडीत गाडी लावली. वाडीच्या मालकीण महेरुन्निसाभाभी डब्यातून कधी सांदणं, कधी बोंबलाचं कालवण पाठवायच्या. डबा रिकामा परत करू नये, हे तुझी आई असेपर्यंत पाळायची. मला रांधता येत नाही. मी साखर घालून द्यायचो.

आज आवराआवर करताना साखरही संपली होती. धुतलेला डबा घेऊन ओशाळतच गेलो. भाभी म्हणाल्या, "खाली कशाला देता भाऊ? पुढच्या थंडीत भरून आणा." डबा परत घेऊन आलो.

गाडीला गिऱ्हाईक आलंय, विकून टाकू म्हणालीस, तेव्हा मी बरं म्हटलं होतं. हे पत्र टाकायचा धीर होईलसं वाटत नाही. पण बाळा, लोकांचा डबा असा ठेवून घेता येत नाही.

तुझे,
बाबा