कंडक्टरच्या विनोदांवर उतारा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा पायांना हात लावून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे हिची तब्येत उत्तम आहे, आणि ती पाहून माझी बिघडली आहे.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याने स्मृतिभ्रंश टाळायची मोहीम काढली. चाला, माणसांत मिसळा, मीठ-साखर आवरा, रक्तदाब तपासा, सिगारेट सोडा. ही लगेच सकाळच्या चालणाऱ्या मंडळींत जाऊ लागली. जाईना का! पण मंडळींचा म्होरक्या कोण, तर समोरच्या बिल्डिंगमधला निवृत्त कंडक्टर. (उभा जन्म लोकांना 'पुढे सरका' म्हणण्यात गेला, तो आता माझ्या बायकोला 'पुढे चला' म्हणतो.) मी दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडून बसतो आणि काचेपलीकडून ही दोघं जाताना दिसतात. ती हसते. ताई, पोट धरून हसते! माझ्याशी तिचं बोलणं हल्ली 'जेवा', 'झोपा' आणि 'जाऊ दे' एवढ्यावर आलं होतं. माझ्या काळजात काय झालं असेल ते तूच ओळख.

मग मीही बूट घेतले आणि मंडळींत घुसलो. कंडक्टर काहीतरी पुटपुटायचा, सगळे खो खो हसायचे, आणि मी "काय म्हणाला?" विचारलं की हिचं ठरलेलं उत्तर, "काही नाही, जाऊ दे." म्हटलं, इथे नक्की पाणी मुरतंय.

एक दिवस दवाखान्यात स्मरणशक्तीची तपासणी होती. सिस्टरबाईंनी सांगितलेले पाच शब्द कंडक्टरने धडाधड परत म्हटले. टाळ्या! मी बाह्या सरसावून पुढे झालो. बाईंनी मध्येच शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तरी ढळलो नाही. छाती फुगवून म्हटलं, "हजार, जोडा, गादी, पदर, शिवा." बाईंच्या कागदावर होतं गाजर, घोडा, नदी, चादर, दिवा. मंडळी हसली. कंडक्टर हसला नाही (हे सगळ्यांत जास्त झोंबलं), आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरीणबाईंनी आत नेऊन दुसरे शब्द लिहून दाखवले. ते मी घडाघडा म्हटले. "काका, आठवण खणखणीत आहे. ऐकू येत नाही तुम्हाला. ऐकू येईनासं झालं की माणूस बोलेनासा होतो, एकटा पडतो, आणि स्मृतिभ्रंशाचा धोका त्यानेही वाढतो. घड्याळांची टिकटिक येते का कानावर?" मी म्हटलं, हल्लीची घड्याळं वाजतच नाहीत, माल हलका येतो. बाईंनी चष्म्यावरून बघत कानाच्या मशीनची चिठ्ठी लिहून दिली.

परतताना ही म्हणाली, "एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगितली की तिच्यात गंमत राहते का हो? म्हणून सांगणंच सोडलं. त्यात तुम्ही भलतीच उत्तरं द्यायला लागलात. वाटलं, तुमची आठवणच जायला लागली. काय करावं ते कळेना, म्हणून घाबरून त्या मंडळींत गेले मी." (हे तिला एवढ्या मोठ्याने सांगावं लागलं की सगळ्या गल्लीला कळलं.) मी रस्त्यातच तिचा हात धरला. समोरून कंडक्टर येत होता, हेही एक कारण होतं.

दुसऱ्याच आठवड्यात कानाचं मशीन लावून दुकान उघडलं, तर भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बोलायला लागली. खुर्चीत बसूनच राहिलो.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तूही कान तपासून घे. मागे फोनवर मी दाजींचं विचारलं, तर तू भाजी नासली म्हणालीस (हे शेजारी बसलेल्या हिने आत्ता सांगितलं), आणि मी आपला "डॉक्टरांना दाखव" म्हणालो. दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

आणखी एक ता. क. मशीनमुळे कंडक्टरचे विनोद आता स्पष्ट ऐकू येतात. दुःख हे की ते चांगले आहेत. तेव्हा खरं काम असं, की पाच-सहा नवे विनोद ताबडतोब लिहून पाठव. माझे जुने चालत नाहीत, हिची स्मरणशक्ती फार उत्तम आहे.