मोहोराखालची गाडी

देवरूखहून,
माघ संपता संपता

चि. संदेश यास राजश्रीकाकीचे अनेक आशीर्वाद. सौ. शमिकेलाही आशीर्वाद, आणि चि. दिशाचा एक पापा माझ्या वतीने तू घे (आधी दाढी कर, तिला टोचते). इकडे मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्याशिवाय बोलायला घरात दुसरं कोणी नसल्यामुळे मी ते ऐकून घेते. तुमची खुशाली मला फोनवर कळते, म्हणजे "काकी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" एवढी कळते. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं म्हणा, पण निदान मला ते ऐकू येत नाही.)

तुझी गाडी सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझा जीव त्यातच अडकलेला असणार. दिवाळीत तू ती अंगणात आंब्याखाली लावलीस, सोसायटीत पार्किंगचा तंटा चालू आहे म्हणालास, आणि तिघं रेल्वेने परत गेलात. तेव्हा आंबा अगदी सज्जन होता. यंदा तो असा मोहोरला आहे की पान दिसायला मागत नाही, आणि ते सगळं वैभव तुझ्या टपावर उतरतं. वर परागांची पिवळी पूड आणि तिच्याखाली तुडतुड्यांचा चिकटा. (तुडतुडे म्हणजे मोहोराला लागणारी कीड. तू विसरला असशील, मुंबईला दुसऱ्या किडी असतात.) गाडी मुळात लाल होती हे फक्त तुला आणि मला माहीत.

दहा दिवसांपूर्वी तुझा फोन आला. पार्किंग मिळालं, दोन रविवार सोडून ड्रायव्हर पाठवतो, तेवढी गाडी धुऊन ठेव, शिमग्याआधी अंगणही मोकळं होईल. हे सगळं तू एका दमात बोललास. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर मला पुष्कळ बोलायचं होतं असं लक्षात आलं, पण तोवर रेंज गेली होती.

तर धुणं. प्रथम मी कोरडं फडकं घेऊन पुसायला लागले, आणि नेमका तुझा व्हिडिओ कॉल आला. तू असा ओरडलास की मला वाटलं गाडीखाली विषारी फुरसं निघालं. मग कळलं, ती पूड कोरडी चोळली की रंगावर चरे पडतात. एवढ्या मऊ पिवळ्या भुकटीच्या अंगी इतका दुष्टपणा असेल असं वाटलं नव्हतं. तुझ्या सूचना मी ऐकून घेतल्या: आधी नुसतं पाणी ओतायचं, घासायचं नाही, उन्हात धुवायचं नाही, टपापासून खाली यायचं, मऊ कापड, गाडीचा शांपू. शांपू इथल्या दुकानात नव्हता. दुकानदाराने मला डोक्याचा दाखवला आणि वर "केसगळती थांबते" म्हणाला. मी घरी येऊन रिठे उकळले आणि पाणी गाळून घेतलं.

तेवढ्यात शेजारचा बाबू आला. कुठे पाणी सांडलं की तो येतोच. म्हणाला, "बाई, ह्यात काय हाय? राख घ्या नि सोडण घ्या. पितळेची घागर कशी लख्ख होते?" मी म्हटलं, घागरीला चरे पडले तर घागर मुंबईहून फोन करत नाही. त्याला ते लागलं. स्वतःची स्कूटर ओढत आणली, आणि नारळाच्या त्याच सोडणाने, चुलीतल्या त्याच राखेने, मडगार्ड घासून दाखवलं. मडगार्ड खरोखर लख्ख झालं. इतकं की आतला पत्रा दिसतो. आता तो स्कूटर नेहमी गडग्याच्या, आपल्या दगडी कुंपणाच्या, बाजूला तोंड करून लावतो आणि विषय निघाला की हवामानावर बोलतो.

चिकटा मात्र पाण्याने जाईना. मग मला सुचलं. ओली कापडं त्यावर पसरून ठेवली, रिठ्याच्या पाण्यात बुडवून, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवतो तशी. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुटलं, वरून कळशीने पाणी सोडलं की वाहून गेलं. बाबू गडग्यावरून बघत होता. "काय वो बाई, गाडीला ताप भरलाय काय?" त्या क्षणी मी स्टुलावर होते, हात टपावर होते आणि खाली कसं उतरायचं याचा विचार चालला होता. (शेवटी त्यानेच उतरवलं. हे गावभर झालं आहे.)

मऊ कापड कुठलं, ते तुला सांगायला हवं. घरात सगळ्यांत मऊ म्हणजे तुझ्या काकांची धोतरं. ते गेल्यापासून पेटीत होती. देऊन टाकू म्हणत राहिले, दिली नाहीत. शेवटच्या आजारात मी त्यांचं अंग रोज असंच पुसायची, कोमट पाणी, मऊ कापड, न चोळता, वरून खाली. तू फोनवर सांगत होतास तेव्हा मनात म्हटलं, पोरा, हे मला येतं रे. ते गेले, पण हातांची सवय गेली नाही. सकाळी उठले की हात काहीतरी शोधत असतात.

तर गाडी लख्ख झाली. तोंड बघावं अशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आला आणि परत पिवळी. मला राग यायला हवा होता. मी रिठे उकळायला ठेवले. आता रोज धुते. संध्याकाळी कधी कधी मागच्या सीटवर जाऊन बसते. (चपला बाहेर काढते, काळजी नको.) दिशाचा बिस्किटाचा चुरा अजून तिथे आहे, तो मात्र मी झाडलेला नाही. रस्त्यावरून जाणारे विचारतात, "मुंबईवाले आले वाटतं?" मी "हो" म्हणते. अंगणात गाडी असली की घरात माणूस आहे असं लोकांना वाटतं, आणि खरं सांगते, मलाही वाटतं. ती गेली की घर खायला उठेल.

असो. ड्रायव्हरला रस्ता नीट सांग. प्रकृतीस जप, बाहेरचं खाऊ नकोस, शमिकेशी भांडू नकोस.

तुझी,
राजश्रीकाकी

ता. क. रंगाला एकही चरा नाही. डाव्या आरशावर आहे, पण तो मी नाही पाडला. एक बुलबुल रोज येऊन आरशातल्या बुलबुलाशी भांडतो. त्याला मी हाकलत नाही, कारण त्यालाही दुसरं कोणी दिसत नाही.

ता. क. दुसरा. होळीनंतर देवीची पालखी आपल्या अंगणात येईल. ओटी मी भरीन, देवीला गाऱ्हाणं गुरव घालतील. पण आपल्या अंगणात पालखीला खांदा घरच्याने द्यायचा असतो, तो तुझे काका होते तोवर तेच देत. गेल्या साली बाबूने दिला. चांगला दिला, पण मी आत जाऊन रडले.

ता. क. तिसरा. ड्रायव्हर आलाच तर त्याला चहा देईन, घावणे देईन, किल्ली देणार नाही. ती देवीच्या ओटीच्या ताटात तांदळाखाली ठेवली आहे, आणि ते ताट पालखी गडग्यापाशी आल्याशिवाय हलवायचं नाही अशी आपल्या घरची पद्धत आहे. (आजपासून.) तेव्हा तू ये, तांदळातून किल्ली काढ, गाडी बाजूला घे आणि खांदा दे. मग खुशाल घेऊन जा. गाडी धुतलेली असेल.