झिऱ्याला दिलेले संरक्षण परत घेण्याबाबत

प्रति,
मा. उप अभियंता साहेब,
पेयजल स्रोत नोंदणी व संरक्षण कार्यालय,
जिल्हा भंडारा.

अर्जदार: श्रीमती पार्वताबाई आनंदराव नंदेश्वर, धंदा रोजमजुरी व थोडी धानाची शेती, राहणार मौजा मोहटोली.
अर्जलेखक: टिकाराम लांजेवार, अर्जनवीस, मुक्काम साकोली.

विषय: मौजा मोहटोली येथील नदीपात्रातील झिऱ्याची नोंद व संरक्षण रद्द करून तो पूर्ववत बेवारस करून मिळणेबाबत.

संदर्भ: १) झिरा वाचवावा म्हणून अर्जदार बाईने केलेला अर्ज.
२) झिरा वाचल्याचे आपले पत्र.

महोदय,

संरक्षण द्या म्हणून अर्ज करणारे पुष्कळ भेटतात. दिलेले संरक्षण परत घ्या म्हणून कोणी आल्याचे अर्जलेखकाच्या पाहण्यात नाही, आणि साकोलीच्या बसस्टँडसमोर टेबल मांडून त्याची उमर गेली आहे. तेव्हा विषय चुकून उलटा लिहिला गेला असे समजून हा कागद बाजूस ठेवू नये, ही पहिली विनंती. अर्जदार बाईस लिहितावाचता येत नाही. ती सांगते, अर्जलेखक लिहितो. तिचे जे शब्द सरकारी मराठीत बसले नाहीत ते जसेच्या तसे ठेवले आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.

१) साहेब दुसऱ्या जिल्ह्यातील असल्याचे कळते, म्हणून खुलासा करतो की झिरा म्हणजे विहीर नव्हे. होळी झाली की नदी आटते. मग बाया रेतीत हाताने खड्डा उकरतात आणि त्यात गाळलेले गोड पाणी पाझरून येते. नदी सरकली की झिराही सरकतो. एक नासला तर बाया उठून दुसरीकडे उकरतात, त्यासाठी कोणाची परवानगी कधी लागली नाही. मोहटोलीच्या बौद्ध मोहल्ल्याला पूर्वी गावच्या विहिरीवर चढू देत नसत, तेव्हापासून हा मोहल्ला नदीचे पाणी पितो. आता विहिरीवर उघड कोणी अडवीत नाही. पण चैत्रात ती विहीरच कोरडी पडते आणि अडवणाऱ्यांच्या घरच्या बायाही गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन याच रेतीत येऊन बसतात. डाळ शिजावी तर झिऱ्याच्या पाण्यात, यावर दोन्ही मोहल्ल्यांचे एकमत आहे. एकमत असलेली गावात दुसरी गोष्ट अर्जलेखकास आढळली नाही.

२) गावाच्या वरच्या अंगाला नदीकाठी वीज केंद्र झाले. तेथील यंत्रे तापतात. ती निववायला नदीचे पाणी घेतात आणि काम झालेले पाणी सिमेंटच्या नालीने परत नदीत सोडतात. पहिल्या उन्हाळ्यात गाव खुश झाले. वैशाखात नदीला धार लागलेली कोणी पाहिली नव्हती. पोरे दिवसभर डुंबली, म्हशी त्यात बसल्या, आणि अर्जदार बाईनेही सरकारला दुवा दिला. हे ती लपवीत नाही. मग त्या धारेतले मासे दिसेनासे झाले. मेलेले दिसले असते तर कोणी बोलले तरी असते, पण ते नुसते नाहीसे झाले. त्यांच्यामागे बगळे गेले. म्हशी धारेत बसत, पण प्यायला दूरच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, जात. माणसे मात्र पीत राहिली, कारण रेती सगळे गाळून घेते असा सर्वांचा भरवसा होता.

३) रेतीने काय गाळले नाही ते मागील वर्षी भीमजयंतीला कळले. मोहल्ल्यात सामुदायिक जेवण होते. डेगीत तांदूळ टाकला पांढरा आणि भात उतरला पिवळा, हळद घातल्यासारखा. आसगावहून आलेल्या पाहुण्यांनी, "लय खर्च केला बाप्पा तुमी," म्हणून कौतुक केले आणि मागून मागून खाल्ला. रांधणाऱ्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, कारण हळद कोणीच घातली नव्हती. अर्जलेखक त्या पंगतीत होता. चव साध्या भाताचीच होती.

दुसऱ्या दिवशी अर्जदार बाई चार बाया सोबत घेऊन वीज केंद्राच्या फाटकावर गेली. तेथील साहेब भले गृहस्थ. त्यांनी उन्हात उभे राहून समजावले की नळ्यांना जंग चढू नये म्हणून फिरत्या पाण्यात औषध टाकावे लागते, त्याची झाक येत असेल, घाबरू नये. त्यावर अर्जदार बाई म्हणाली, "यंतराले जंग लागते म्हणून त्याले औषद. मले कोठं जंग लागून राह्यला, सायेब?" साहेब हसले. चारही बाया हसल्या. तेव्हा हसू येत होते.

४) यानंतर नाली झिऱ्याच्या खालच्या अंगाला न्यावी, असा अर्ज आपल्या कार्यालयास केला. उत्तर आले की, सदर झिऱ्याचा क्रमांक, खोली व चतुःसीमा नमूद नसल्याने तो अस्तित्वात असल्याचे दिसून येत नाही, सबब नसलेल्या स्रोतास संरक्षण देता येत नाही. अर्जलेखकाने ते वाचून दाखवले तेव्हा बाईने तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "आमी रोज पेतो ते का हाये मंग?" पण सरकारशी हुज्जत घालून पाणी मिळत नाही हे तिलाही कळते. झिरा जागेवर राहत नाही म्हणून तो सरकारला दिसत नाही, तर त्याला जागेवर बसवू, असे तिने मनावर घेतले. येथेच घात झाला. त्या वेळी मात्र सर्वांना, अर्जलेखकासही, ही युक्ती फार शहाणपणाची वाटली.

मोहल्ल्याने वर्गणी केली. बाईचा मुलगा चिखला गावच्या खाणीत मजूर आहे, त्याने सुटी काढून साकोलीहून बैलगाडीवर सिमेंटच्या रिंगा आणल्या आणि झिऱ्यात खोलवर उतरवल्या. पटवारी आले आणि त्यांनी चतुःसीमा लिहून नेली: पूर्वेस नदी, पश्चिमेस नदी, उत्तरेस नदी, दक्षिणेस नदी. पाण्याचा नमुना घ्यायला आपले कर्मचारी आले ते श्रावणात. रिंगा पुराखाली होत्या, म्हणून त्यांनी काठावरून पुराचे पाणी बाटलीत भरले. अहवाल आला की पाणी किंचित गढूळ, बाकी निर्दोष. दिवाळीनंतर क्रमांक मिळाला, लोखंडी पाटी मिळाली, पत्र मिळाले. बाईने पाटीला हार घातला आणि मोहल्ल्यात गूळ वाटला.

५) सदर पत्रात दोन कलमे आहेत. पहिले असे की, नोंदणीकृत स्रोताच्या शंभर मीटरच्या आत कोणीही सांडपाणी सोडू नये. वीज केंद्राची नाली त्याहून पुष्कळ वर असल्याने ती हे कलम आधीपासूनच पाळत होती, आणि आजही पाळते. दुसरे असे की, त्याच शंभर मीटरच्या आत कोणीही दुसरा खड्डा खोदू अथवा उकरू नये, त्यायोगे मूळ स्रोताचे पाणी कमी होते. म्हणजे साहेब, बंधन राहिले ते बायांवर.

नालीची धार आमच्या काठाला चिकटून वाहते आणि रिंगा याच काठाला आहेत. पलीकडच्या काठाची रेती अजून चांगली आहे. तेथे उकरले तर पाणी पांढरे येते, भात पांढरा होतो, हे या उन्हाळ्यात बायांनी पाहिले आहे. पण नदी आमची लहान, पलीकडचा काठ शंभर मीटरच्या आत येतो. पुढे खडक आहे, मागे नालीच्याच पाण्याचा डोह. मोहटोलीला उकरण्याजोगी रेती तेवढीच.

६) आदेशाच्या अंमलासाठी आपण नत्थू यास चौकीदार नेमले. तो अर्जदार बाईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बाया पलीकडे उकरतात आणि नत्थू मागाहून जाऊन पायाने रेती लोटतो. "मावशी, मले नोकरी करू दे," असे तो म्हणतो. "सरकारनं पक्का झिरा देल्ला ना तुमाले, तोच पेवा." नत्थू लबाड नाही. तो स्वतः त्याच रिंगांमधले पाणी पितो आणि त्याच्या ओठांच्या कडा सोलून निघाल्या आहेत. अर्जलेखकाने त्याला विचारले की बाबा, तू तरी पलीकडचे पी. तो म्हणाला, "मंग बाकीच्याइले का सांगू?"

७) आता ज्यासाठी हा अर्ज आहे ते. अर्जदार बाईची सून तुळसा हिचे दिवस भरत आले आहेत. पहिलटकरीण आहे. गेल्या महिन्यापासून तिच्या तोंडात फोड आहेत, भाकरी चावत नाही, पेज पिते, आणि पेज पिवळी असते. दवाखान्यात नेले तर पोरीच्या अंगात पाणी कमी आहे, भरपूर पाणी पाजा असे सांगितले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. पण तुळसाचे माहेरही याच नदीवर, नालीच्या खालच्या अंगाला आहे. नवरा चिखल्याला एका खोलीत इतर मजुरांबरोबर राहतो, तेथे बाळंतिणीला जागा नाही. म्हणून अर्जदार बाई तिच्यासाठी एक गुंड बोडीवरून आणते. बोडी आटत आली आहे, आता येतो तो अर्धा गाळ.

म्हणून बाईने मागील आठवड्यात भर दिवसा पलीकडच्या काठाला झिरा उकरला. नत्थू आला. त्या दिवशी त्याने बुजवला नाही. तो पाठ करून उभा राहिला आणि बाईने गुंड भरून घेतला. हे कोणी वर कळवले माहीत नाही, पण तपासणीस आले, झिरा बुजवून गेले, नत्थूकडून खुलासा मागवला आणि बाईस नोटीस दिली. संरक्षित स्रोताच्या परिसरात दुसरे पाणी उघडून मूळ स्रोतास धोका पोहोचवल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, असे त्यात विचारले आहे. बाईचे उत्तर असे: "सायेब, धोका मीच पोचवला. मीच त्या झिऱ्याले रिंगा बसवल्या." अर्जलेखकाने हे वाक्य गाळावे म्हणून तिला पुष्कळ समजावले. तिने ऐकले नाही.

८) सबब विनंती अशी की, झिऱ्याचा क्रमांक रद्द करावा, पाटी काढावी, रिंगा उपटून न्याव्यात. सरकारी कागदात मोहटोलीला पिण्याचे पाणी नाही असे लिहावे, कारण ते खरे आहे. नत्थूस शिक्षा करू नये, दुसरीकडे नेमावे, त्याला लेकरे आहेत. नाली हलवा, असे बाईचे आता म्हणणे नाही. पाणी सुधारून द्या, असेही नाही. तिला फक्त वाईट पाण्यापासून बाजूला सरकण्याची मोकळीक हवी आहे, जी तिच्या आजीला होती, जेव्हा तिला गावात दुसरे काहीच नव्हते.

नदीला पूर आला की पाण्याचा प्रश्न काही दिवस मिटेल, हे आपले कर्मचारी सांगतात ते खरे आहे. तुळसा मृगापर्यंत थांबणार नाही. अर्जलेखकाने आजवर पुष्कळ अर्जांत 'तातडीने' हा शब्द सवयीने घातला आहे. या अर्जात त्याला तो लिहिताना भीती वाटते, म्हणून तो लिहिला नाही. साहेबांनी तो आहे असे समजावे.

सोबत: आपल्या संरक्षण पत्राची नक्कल. बाईस आलेली नोटीस.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

अंगठा: श्रीमती पार्वताबाई आनंदराव नंदेश्वर
साक्षीदार: तुळसा (सही, चौथी पास)
मुक्काम साकोली, दिनांक ६ मे १९८५

अंगठ्याबाबत अर्जलेखकाचा दाखला:

वरील अंगठ्यात रेषा उठलेल्या नाहीत, नुसता काळा डाग आहे. शाई बदलून पाहिली, कागद बदलून पाहिला. दुसऱ्या हाताचा घेतला, तोही तसाच आला. रिंगांमध्ये हात घालून पाणी भरणाऱ्या बायांच्या बोटांची कातडी गुळगुळीत झाली आहे, हे अर्जलेखकाने आज टेबलावर प्रथम पाहिले. आधीच्या अर्जावरील अंगठ्याशी हा जुळणार नाही. तेवढ्यावरून अर्ज फेटाळू नये. बाई तीच आहे, याची मी शपथेवर खात्री देतो.

अंगठा पुसताना बाईने आणखी एक मजकूर लिहावयास सांगितला. तो अर्जात कोणत्या कलमाखाली घ्यावा हे न कळल्याने येथे देत आहे. मोहल्ल्यातील बाळंतपणे तीच करते, तुळसाचेही तीच करणार. ती म्हणाली, "ह्या हातानं लेकराले झेलू का नोको, तेवढं सायेबाले पुसून घ्या."